दोन अपूर्ण यज्ञ

महाभारताच्या आदिपर्वांत दोन विलक्षण यज्ञ आहेत, आणि दोन्ही अर्धेच राहिले आहेत. घरच्या साध्या सत्यनारायणांत एखादा उपचार राहिला, तरी आपलें मन चुटपुटतें. मग यज्ञ मध्येंच थांबविणारांना व्यासांनीं एवढा मान कां दिला असावा, असा विचार आदिपर्व शिकवितांना आमच्या मनांत वारंवार येतो.

पहिला यज्ञ पराशराचा. राक्षसानें झपाटलेल्या कल्माषपाद राजानें त्याच्या पित्यास, शक्तीस, भक्षण केलें; म्हणून त्यानें राक्षसमात्राच्या संहारार्थ सत्र आरंभिलें. वृद्ध, बालक, कोणीहि सुटेना. दुसरा जनमेजयाचा. पिता परीक्षित तक्षकाच्या विषानें मेला, म्हणून त्यानें अवघें सर्पकुल अग्नींत ओढलें. दोघेहि पितृशोकानें पेटलेले पुत्र. दोघांचेंहि दुःख खरें. परंतु शक्तीनें वाटेच्या तंट्यांत त्या राजाला शाप दिला होता आणि परीक्षितानें मौनव्रती शमीकाच्या गळ्यांत मेलेला साप टाकला होता, हेंहि कवि विसरूं देत नाहीं.

आतां थांबविणारे पाहा. पुलस्त्य ब्रह्मदेवाचा मानसपुत्र, पण राक्षसांचा मूळपुरुष. आस्तीक ऋषीचा पुत्र, पण वासुकीच्या बहिणीच्या पोटचा. ज्यांना त्या वधाची वार्ताहि नाहीं, अशा निरपराधांना मारून तुला आनंद कसला, असें पुलस्त्य पराशराला विचारतो. असा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याचें नातें दोन्ही पक्षांशीं आहे त्यालाच असतो.

आमच्या आजोळीं विहिरीच्या पाण्यावरून दोन घरांचें वैर दोन पिढ्या चाललें. तें कोर्टानें मिटविलें नाहीं; भांडण पेटण्यापूर्वीं एका घरांतून दुसऱ्या घरांत सून होऊन गेलेल्या एका वृद्धेनें मिटविलें. तिला आदिपर्व ठाऊक नव्हतें; पण आस्तीकाचें काम तिनें केलें.

हीं दोन्ही आख्यानें भांडारकर संस्थेच्या १९६६ सालीं पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तींतहि कायम आहेत. त्यांतला शेवटचा तपशील आम्हांला सर्वांत खरा वाटतो. पराशरानें आपला अग्नि विझविला नाहीं; हिमालयाच्या उत्तरेकडील अरण्यांत नेऊन टाकला, आणि तो तेथें पर्वापर्वाला राक्षस, वृक्ष व पाषाण खात असतो, असें कवि सांगतो. वडिलार्जित वैर एका दिवसांत निवत नाहीं. तें माणसांच्या वस्तींतून दूर नेऊन ठेवणें, एवढेंच शहाण्याच्या हातीं असतें. आणि व्यासांच्या मतें तेंहि पूर्णाहुतीहून थोर.