पहिली तीन वर्षं घरी पैसे नाहीत

स्टुटगार्ट, नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,


बाभुळगावात परदेशातल्या नोकरीचा विषय निघाला की पहिला सवाल पगाराचा असतो. मग लगेच त्याला शंभराने गुणलं जातं, कारण युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे. हा गुणाकारच आपल्या पोरांना आणि त्यांच्या घरांना अडचणीत टाकतो, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात 10 हजार जणांची गोष्ट झाली, आणि तेव्हापासून जर्मनीचं नाव खेडोपाडी पोचलं. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, म्हणून इथला हिशेब नीट मांडतो. बारावी किंवा आयटीआय झालेल्या मुलाला इथे शिरायचा सरळ रस्ता म्हणजे औसबिल्डुंग, म्हणजे पगारी शिकाऊ उमेदवारी. 2025 मध्ये ती सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्याने महिना किमान 682 युरो मिळतात. रुपयांत 68 हजार, म्हणजे लांब धाग्याच्या कापसाच्या 2025-26 च्या 8110 रुपये हमीभावाने जवळजवळ साडेआठ क्विंटल कापूस, तोही दर महिन्याला! ऐकणाऱ्याचे डोळे फिरणारच. पण त्यातून निवृत्तीवेतन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा या विम्यांपोटी सुमारे पाचवा हिस्सा हातात पडायच्या आधीच कापला जातो. उरलेल्यातला मोठा वाटा खोलीचं भाडं खातं. हे वेतन खर्चाला पुरणार नसेल तर बाकीची तजवीज व्हिसा मागतानाच दाखवावी लागते. म्हणजे ज्या पैशावर घरचे कर्ज फेडायची आशा धरतात, त्यावर मुलाचंच जेमतेम भागतं.

मग यायचं कशाला? माझं उत्तर एका साध्या वहीत आहे. प्रत्येक शिकाऊ मुलाला प्रशिक्षणाची नोंदवही ठेवावी लागते: या आठवड्यात कोणतं काम केलं, कोणतं यंत्र हाताळलं, शाळेत काय शिकवलं. शिकवणारा ती तपासून सही करतो. ही वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष कारखान्यात किंवा रुग्णालयात, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. त्यामुळे मालकाने पोराला नुसतं झाडलोटीला जुंपलं, तर ते वहीतच उघडं पडतं. शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्र देशभर चालतं आणि खरा पगार तिथून सुरू होतो. कामाच्या वेळेलाही कायद्याचं कुंपण आहे: सर्वसाधारण दिवस आठ तासांचा, दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती, वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा. आपल्या तालुक्यातल्या ज्या पोराने सालदारकी नाहीतर दुकानातली बारा तासांची नोकरीच पाहिली, त्याला स्वतःचे म्हणून मिळालेले हे तास मी पगारातच धरतो.

यावर कुणी म्हणेल, त्यापेक्षा आखाती देश बरे, राहणं-खाणं मालकाचं आणि पहिल्या महिन्यापासून घरी पैसे. सावकार दारात उभा असेल त्या घराला हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण तिथे हेल्पर म्हणून गेलेला मुलगा बहुतेक वेळा हेल्पर म्हणूनच परततो. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: शिकायचंच तर आपल्या देशातच का नको? आपल्याकडेही 1961 पासून अ‍ॅप्रेंटिसशिपचा कायदा आहे. बुटीबोरी किंवा पुण्यात जिथे खरोखर हातात काम देऊन शिकवतात तशी जागा मिळत असेल, तर ती सोडून इतक्या लांब येऊ नये. तशा जागा सगळ्यांना पुरत नाहीत, हीच खरी रड आहे.

आपला,
अमोल


उल्म, डिसेंबर 2025

ती. बाबा,

मागच्या पत्रात भाषेचं राहिलं. औसबिल्डुंगच्या व्हिसाला साधारणपणे बी-1 पातळीची जर्मन लागते, आणि लोक तिला अडथळा समजतात. मला ती सगळ्यात मोठी राखण वाटते. व्यवसायशाळा, सुरक्षेच्या सूचना, परीक्षा, सगळं जर्मनमध्ये. शिवाय या भागात बोलतात ती श्वाबियन बोली. पुस्तकी मराठी शिकलेला माणूस आपल्या वऱ्हाडी बाजारात उभा राहिला तर जसा भांबावेल, तसं इथे होतं. भाषा कच्ची असली की कामावर चूक होते, आणि सुटीच्या दिवशी बोलायला कुणी नसतं. रविवारी दुकानं बंद. 1919 च्या घटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेतही कायम आहे. थंडीत साडेचारलाच अंधार पडतो. या एकटेपणावर भाषेएवढा दुसरा उपाय नाही, आणि ती शिकायला यवतमाळ सोडावंही लागत नाही.

म्हणून गावात जे विचारतील त्यांना माझ्या वतीने सांगा: पहिली तीन वर्षं घरी पैसे येणार नाहीत असं धरूनच मुलाला पाठवा, आणि त्याची बी-1 परीक्षा होईपर्यंत शेत गहाण टाकू नका. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आपला,
अमोल