गिरगावचे दूध, दादरचे दूध

मुंबईत कोणाकडे चार दिवस पाहुणे म्हणून गेलात की एक वाद हमखास कानावर येतो. आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीचे दूध घट्ट आणि गोड, पलीकडच्या दुकानातले निव्वळ पाणचट! ठाकुरद्वारचा माणूस हे प्रार्थनासमाजच्या दुकानाबद्दल म्हणतो, लालबागचा परळबद्दल म्हणतो, आणि दादर पश्चिमेची गृहिणी टिळक पूल ओलांडून पूर्वेला दूध आणायला जायची नाही. आपण खेड्यातली माणसे हे ऐकून हसतो. पण त्यातले बरेचसे दूध आपल्याच गोठ्यांतून गेलेले असते. तेव्हा चव खरोखर बदलते का, आणि बदलत असेल तर ती कोण बदलतो, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

गिरगावातल्या दुकानात दोन प्रकारचे दूध दिसेल. एक सुटे, मापाने मिळणारे. ते बहुतेक जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांतले, म्हशीचे, न तापवलेले. एके काळी असे तबेले भर शहरात होते. १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली आणि हजारो म्हशी तिकडे हलल्या. आरेच्या काचेच्या बाटल्या घेऊन पहाटे केंद्रावर रांगेत उभे राहिलेले लोक गिरगावात आजही भेटतात. दुसरे दूध पिशवीचे. ते कोल्हापूर, सांगली, पुणे, अहिल्यानगरच्या संघांचे किंवा गुजरातचे.

पिशव्यांतही पुन्हा प्रकार आहेत. फुल क्रीममध्ये स्निग्धांश ६ टक्के, स्टँडर्ड दुधात ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये अवघा १.५. हे सगळे पिशवीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, पण रंग पाहून पिशवी उचलणारा माणूस ते वाचतो कुठे? टोन्ड दूध ही तर मुंबईचीच देणगी. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते वाढवायचे, म्हणजे गरिबालाही परवडेल, ही युक्ती १९४० च्या दशकात मुंबई दूध योजनेच्या दारा खुरोडी यांनी काढली. त्यांना १९६३ साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा दुधाला कोणी पाणचट म्हटले तर तो दुकानदाराला उगाच बोल लावतो. ते तसेच करायचे असते.

माझी धाकटी बहीण गिरगावात राहते. "दादा, आमच्या दुकानाचे दूध मी डोळे मिटून ओळखीन," ती म्हणाली. म्हटले, मीट डोळे! डेअरीचे सुटे दूध, एक टोन्ड पिशवी, आणि एकाच संघाच्या फुल क्रीमच्या दोन पिशव्या दोन दुकानांतून आणल्या. चारही दुधे वेगवेगळ्या पातेल्यांत तापवून निवू दिली आणि एकसारख्या पेल्यांत ओतली. शेजारच्या काकूही आल्या. टोन्ड सगळ्यांनी पहिल्या घोटात ओळखले. सुटे म्हशीचे कोणते आणि फुल क्रीम कोणते, यात मात्र घोटाळा झाला. आणि फुल क्रीमच्या दोन पेल्यांपैकी "हे आमच्या दुकानाचे" म्हणून बहिणीने जो उचलला, तो दुसऱ्या दुकानाचा निघाला. काकू पोट धरून हसल्या.

म्हणून दुकानाचा काही संबंध नाही असे मात्र समजू नका. दूध संयंत्रात ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच गार करतात. त्यापुढे ते गारच राहिले पाहिजे. ज्या दुकानी पिशव्यांचे क्रेट दुपारपर्यंत फळीवर उन्हात पडून असतात, तिथले दूध उतरतेच. उजेडानेही दुधाला करपट वास येतो. गिऱ्हाईक म्हणते चव वेगळी. खरे तर फरक असतो थंडाव्याचा आणि सावलीचा.

परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचे. तिथून लालबागकडे चालत निघालात तर जुन्या गिरण्यांच्या जागी आता उंच टॉवर दिसतील. १९८२ च्या संपानंतर ती सारी वस्तीच बदलली. एका चाळीत मूळचे साताऱ्याकडचे एक निवृत्त गिरणी कामगार भेटले. त्यांची तक्रार दुकानाची नव्हतीच. "साहेब, गावच्या दुधाला चव होती. इथल्याला वर्षभर एकच चव."

बाबांचे म्हणणे मला पटले. गावी ते एका म्हशीचे दूध प्यायचे. ती पावसाळ्यात हिरवे खाई, उन्हाळ्यात कडबा. नुकती व्यालेली असताना दूध निराळे, आटत आली की निराळे. मुंबईला जाते ते हजारो घरांच्या चरव्यांचे एकत्र झालेले दूध. त्यात तुमच्या म्हशीची गोडी हरवून जाते. वाईट चव मात्र तशी हरवत नाही. नासका वास थोड्या दुधालाही पुरतो आणि आसपासचे सगळे दूध बिघडवतो.

आपल्याला पैसे मिळतात ते फॅट आणि एसएनएफवर, चवीवर नाहीत. त्यामुळे चवीकडे कोण लक्ष देतो? मला हा दर लावण्याच्या पद्धतीतला दोषच वाटतो. तो सुधारेल तेव्हा सुधारो. तोवर एवढे तर हातात आहे. लसूणघास, मुरघास, कांद्याची पात, कोबीचा पाला धारेच्या आधी घालू नका. धार झाल्यावर घाला. दूध खारट लागले तर कास दगडी झाली आहे का ते पाहा. तसे असेल तर ते दूध केंद्रावर नेऊ नका आणि डॉक्टरांना बोलवा. धार काढलेली किटली शेणाच्या वासात उघडी ठेवू नका. आणि संध्याकाळचे दूध सकाळच्या दुधात मिसळून केंद्रावर नेण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. रात्रभर घरात राहिलेले दूध सकाळी ताजे लागले तरी केंद्रापासून मुंबईपर्यंत त्याला अजून बराच पल्ला गाठायचा असतो.