दुखण्यांतले सोबती

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपल्याकडे प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली असते. हात मोडला तर माणूस तो गळ्यांत बांधून चार घरीं हिंडतो. पोटाची शस्त्रक्रिया झाली तर तिची हकीकत तो जेवणाच्या पानावरहि सांगतो. परंतु डोकें उघडावें लागणार असें ठरलें म्हणजे घरांतलीं वडील माणसें आवाज खालीं आणतात, मुलांना बाहेर खेळावयास पाठवितात, आणि देव्हाऱ्यांतल्या समईंत तेल जरा अधिक पडूं लागतें. २०२३ सालच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे सहा महिने आम्हीं अशा घरांत काढले. त्या काळांत औषधांनीं काय केलें हें डॉक्टर आमच्यापेक्षां चांगलें सांगतील. स्नेह्यांनीं काय केलें हें मात्र आम्हांसच सांगितलें पाहिजे, म्हणून हा लेख.

आमचें वय त्या वेळीं ६७ होतें. सारा जन्म मराठी शिकविण्यांत गेलेला. तेव्हां शब्द हेंच आमचें भांडवल. वैशाखांत त्या भांडवलास गळती लागली. किल्ली मागावयास जावें तों तोंडांतून ‘कात्री’ निघे. धाकट्या बंधूंस हांक मारावयाची तर चिरंजिवांचें नांव येई. घरांत थोडी थट्टा झाली, आणि वय झालें कीं असें व्हावयाचेंच, असें सर्वांनीं ठरविलें. पुढें एके संध्याकाळीं उजव्या हाताचीं बोटें आपोआप उडूं लागलीं आणि दोन मिनिटें थांबेनात, तेव्हां थट्टा संपली. एम्. आर्. आय्. काढला. डाव्या बाजूस, कपाळाच्या मागें नि जरा वर, मोठ्या आवळ्याएवढी गांठ दिसली.

गांठ प्रत्यक्ष मेंदूंत नव्हती. मेंदूभोंवतीं जीं आवरणें असतात त्यांतून ती उगवली होती आणि वाढतां वाढतां मेंदूस दाबीत होती. या जातीच्या गांठीस मेनिंजिओमा म्हणतात. हें नांव हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १९२२ सालीं रूढ केलें. ती बहुधा सावकाश वाढते, पुरुषांपेक्षां बायकांत अधिक आढळते, आणि बहुतेक वेळां कर्करोगाच्या जातीची नसते. यांतले ‘बहुतेक वेळां’ हे दोन शब्द आम्हीं पुष्कळ रात्रीं मनांत घोळवले. पण खरी अडचण जागेची होती. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरानें १८६१ सालीं एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्या रोग्यास वर्षानुवर्षें ‘तान’ एवढेंच बोलतां येत असे. मेंदूच्या पुढल्या भागाची डावी बाजू बिघडलेली आढळली, आणि वाणीचें स्थान कोठें असतें याचा पत्ता जगास लागला. आमची गांठ नेमकी त्याच शेजारांत बसली होती. डॉक्टरांनीं कांहीं न लपवितां सांगितलें, “गांठ निघेल. मागून सूज येईल, आणि कांहीं दिवस, कदाचित् कांहीं आठवडे, बोलणें अडेल. तें कायमचें अडण्याचाहि थोडा संभव आहे.” शिक्षकास याहून मोठें भय कोणतें असावें?

शस्त्रक्रिया अधिक श्रावणांत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत झाली. कवटीचा एक तुकडा झांकणासारखा काढावयाचा, आंतलें आवरण उघडावयाचें, गांठ सोडवावयाची, आणि तुकडा जागीं ठेवून टायटॅनियमच्या पट्ट्यांनीं नि बारीक स्क्रूंनीं पक्का करावयाचा, असा तो ५ तासांचा उद्योग होता. मेंदूस स्वतःस वेदना कळत नाहीं. दुखतें तें वरच्या कातडीचें. तरीहि आम्हांस पूर्ण गुंगी दिलेली होती, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. कारण फ्रिजेश कारिंथी या हंगेरियन लेखकाची हकीकत आम्हीं मागें वाचली होती. १९३६ सालीं बुडापेस्टच्या एका कॉफीगृहांत बसला असतां त्याच्या कानांत आगगाड्यांचा आवाज सुरू झाला. पुढें स्टॉकहोमला ओलिव्हेक्रोना या शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूंतली गांठ काढली, आणि तीहि तो जागा असतांना! त्या अनुभवावर त्यानें पुस्तक लिहिलें. आमच्या अंगीं तेवढें धैर्य नव्हतें.

शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले दोन दिवस एक डोळा सुजून मिटलेला होता. सूज ओसरावी म्हणून जें स्टेरॉइड देतात त्यानें भूक मात्र विलक्षण लागे. अधिक मास असल्यामुळें घरीं जांवईबापूंसाठीं तेहतीस अनारसे झाले होते. त्यांतले कांहीं वाट चुकून रुग्णालयांत आले, एवढेंच येथें सांगतों.

मग डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें शब्द अडले. हा अनुभव ज्यास आला नाहीं त्यास तो समजावून देणें कठीण आहे. समोर तांब्या दिसतो. त्यांत पाणी ठेवतात हें ठाऊक असतें. तो आईनें नाशिकहून आणला होता हेंहि आठवतें. फक्त ‘तांब्या’ हा शब्द येत नाहीं. आंतलें सामान सर्व शाबूत, आणि दाराची कडी मात्र निघेनाशी, अशी ती अवस्था असते. ऐकणाऱ्यास मात्र वाटतें कीं घर रिकामें झालें.

आमचें घर अजून एकत्र आहे. दोघे भाऊ, तीन पिढ्या, एक स्वयंपाकघर. अशा घरांत आजाऱ्यास माणसांची वाण पडत नाहीं. वहिनींनीं पथ्यपाणी सांभाळलें, सूनबाईनें औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्या, पुतण्यांनीं रात्री वांटून घेतल्या. पण प्रेमाचाहि एक त्रास असतो. आम्हीं ‘तो... तो...’ म्हटलें रे म्हटलें कीं पांच जणांकडून पांच शब्द येत. तांब्या? पंचा? चष्मा? त्यांतला एखादा बरोबर निघे, आम्ही मान हलवीत असूं, आणि काम होई. आठ दिवसांत आमच्या ध्यानांत आलें कीं आम्ही नुसती मान हलवूं लागलों आहों. भेटावयास येणारे आमची प्रकृति आमच्यासमोर आमच्या सौभाग्यवतींस विचारीत, आणि त्याहि बिचाऱ्या सांगत. एक गृहस्थ तर त्यांच्या ओळखीचे किती जण डोक्याच्या दुखण्यानें गेले याची यादी सांगूं लागले; वहिनींनीं त्यांचा चहा शांतपणें बाहेरच्या खोलींत नेऊन ठेवला, तेव्हां ते उठले.

अशा वेळीं आमचे स्नेही उपयोगीं पडले. त्यांतले पहिले आमचे शाळासोबती, निवृत्त गणितशिक्षक. ते रोज चार वाजतां येत आणि समोरच्या खुर्चीवर बसत. आम्ही अडलों कीं ते शब्द पुरवीत नसत. “सांग सावकाश. मला कोठें जावयाचें आहे?” असें म्हणून खिडकीबाहेर पाहत बसत. कधीं एका वाक्यास दहा मिनिटें लागत. आमच्या सौभाग्यवतींस तें पाहवत नसे; त्या आंत निघून जात. एके दिवशीं कंटाळून ते म्हणाले, “चल, पाढे म्हणूं.” त्यांनीं सुरुवात केली, आणि आम्हीं पाठोपाठ पावकी, निमकी, सवायकी, दिडकी न अडखळतां म्हटली! नंतर रामरक्षाहि अथपासून इतिपर्यंत आली. सारें घर दारांत येऊन उभें राहिलें. ज्यास तांब्या म्हणतां येत नाहीं तो स्तोत्र कसें म्हणतो, हें कोणास कळेना.

वाचा-उपचारासाठीं ज्या बाई येत, त्यांनीं याचा उलगडा केला. लहानपणीं घोकून ओठांवर बसलेले शब्द आणि प्रसंगानुसार नव्यानें जुळवावयाचे शब्द, यांच्या वाटा मेंदूंत सर्वस्वी एक नसतात. म्हणून बोलणें अडलेल्या पुष्कळ रोग्यांस अंक, वार, गाणीं, प्रार्थना म्हणतां येतात. मग त्याच वाटेनें त्यांनीं आम्हांस चालविलें. ‘बुधवार’ हवा असेल तर रविवारापासून निघावयाचें आणि बुधवारापाशीं थांबावयाचें. नातवंडें किती, असें विचारलें तर एकापासून मोजीत जावयाचें आणि चारावर थांबावयाचें. आमच्या पिढीस पाठांतराबद्दल पुढें पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. परंतु त्या पाठांतराच्या दोरीस धरूनच आम्ही विहिरींतून वर आलों.

दुसरे स्नेही छापखानेवाले. ऑगस्टच्या अखेरीस गांठीच्या तपासणीचा निकाल आला. ती पहिल्या प्रतीची, म्हणजे सौम्य जातीची निघाली, आणि घरानें श्वास सोडला. दुसऱ्याच दिवशीं हे गृहस्थ एका शालेय व्याकरणाचीं मुद्रितें घेऊन हजर! “सोळा पानें आहेत. पंधरा दिवसांनीं नेईन,” म्हणाले. घरांत त्यांच्यावर बराच राग झाला. आम्हांस तासाभरांत अर्धें पान होई, आणि मग डोकें धरून निजावें लागे. पंधरा दिवसांनीं त्यांनीं पानें नेलीं, आणि चार दिवसांनीं येऊन सांगितलें, “तुमच्या तीन चुका राहिल्या. पुढच्या वेळीं ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्या.” त्या दिवशीं आम्हांस जो आनंद झाला तो कोणत्याहि ‘बरे व्हाल हो’ या आशीर्वादानें झाला नव्हता. ज्याच्या चुका काढतात तो कामांत गणलेला असतो.

तिसरे आमच्या ओळखीचेहि नव्हते. स्नेह्यांनीं त्यांस साताऱ्याहून आणलें. पोस्टांतले निवृत्त अधिकारी. हीच शस्त्रक्रिया त्यांची अकरा वर्षांपूर्वीं झालेली. त्यांनीं टोपी काढली, मान वांकविली, आणि म्हणाले, “हात लावून पाहा.” केंसांखालीं एक बारीक वळ आणि एक लहानसा खळगा बोटांस लागला. मग ते खरें तें बोलले, “महिन्याभरांत ठणठणीत व्हाल असें कोणी सांगितलें तर मानूं नका. थकवा वर्षभर पुरतो. दुपारची झोंप चुकवूं नका, फेफऱ्याच्या गोळ्या मनानें बंद करूं नका. आणि शब्द जांवयासारखे असतात. पानें वाढून झालीं तरी येत नाहींत, पण येतात.” आम्ही त्या दिवसापासून आरशांत पाहूं लागलों.

चौथ्या स्नेह्याचें काम आमच्या पुष्कळ उशिरां लक्षांत आलें. आमच्या सौभाग्यवतींची एक मैत्रीण दर गुरुवारीं येई आणि त्यांस तासभर तुळशीबागेंत घेऊन जाई. तेथें त्या दोघी काय खरेदी करीत देव जाणे. पण परत येतांना आमच्या घरधनिणीचा चेहरा निराळा असे. आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्या बाईस कोणी ‘तुम्ही कशा आहां?’ असें विचारीत नाहीं. या बाईंनीं तें विचारलें.

१९ सप्टेंबरास गणपति बसले. आरत्या आम्हीं सर्वांच्या बरोबरीनें म्हटल्या, मंत्रपुष्पहि म्हटलें. तें संपतांच पुतण्याच्या पांच वर्षांच्या मुलीनें विचारलें, “आजोबा, तुम्हांला एवढें सगळें येतें, मग माझें नांव कां येत नाहीं?” खोलींत कोणी बोलेना. आमच्याहि डोळ्यांस पाणी आलें. गणिताचे मास्तर तेवढे म्हणाले, “अग, तुझें नांव अजून पाढ्यांत घातलें नाहीं ना!” आणि खरोखरच त्यांनीं चारी नातवंडांचीं नांवें एका ओळींत बांधून पाढ्याच्या चालीवर बसविलीं. रोज दिवेलागणीस शुभंकरोति झालें कीं मुलें तो पाढा आमच्याकडून म्हणून घेत. तिचें नांव चौथें. तेथवर पोंचावयाचें तर आधींचीं तीन घेतलींच पाहिजेत.

कोजागिरी त्या वर्षीं २८ ऑक्टोबरास होती, आणि त्याच रात्रीं खंडग्रास चंद्रग्रहण. दूध वेधाआधीं आटोपावें कीं चंद्र पाहून प्यावें, यावर घरांत मोठा वाद माजला होता. त्या गडबडींत पेला पुढें करून आम्हीं पोरीस हांक मारली. सरळ तिच्याच नांवानें, आधींचीं तीन न घेतां. ती आली आणि पेला घेऊन गेली. तिला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. वहिनींनीं तेवढें वळून पाहिलें.

आतां वर्षाकांठीं एम्. आर्. आय्. काढावा लागतो, कारण अशी गांठ क्वचित् पुन्हा उगवते. थकवा पुष्कळ गेला. विशेषनामें अजून उशिरां येतात. ज्या घरांत असें दुखणें असेल त्या घरांतल्या मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, आजाऱ्यास प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहावी; त्याच्यासमोर त्याच्याविषयीं दुसऱ्याशीं बोलूं नये; झेपेल असें एखादें खरें काम त्याच्याकडे मागावें; आणि भेट लहान ठेवून पुनः पुन्हा यावें. आमचे गणिताचे मास्तर अजून चार वाजतां येतात. आम्ही अडलों तर अजूनहि शब्द पुरवीत नाहींत. खिडकीबाहेर पाहत बसतात.