एक दिवस मुलांचा

मुले चौदा-पंधरा वर्षांची झाली, की आईबाबांबरोबर सहलीला निघताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पुढे दहावी-बारावीचे क्लास सुरू झाले, की अशा एकत्र सुट्ट्या उरणार तरी किती? म्हणूनच यंदा शिमल्याचा बेत आखाल, तेव्हा एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाच्या खर्चाचे पैसे मुलांच्या हाती द्या. मध्ये बोलू नका!

जाताना कालक्याहून छोटी गाडी पकडा. १९०३ साली सुरू झालेल्या या ९६ किलोमीटरच्या मार्गावर १०२ बोगदे आहेत. बडोगचा तर एक किलोमीटरहून लांब. तेवढा वेळ मोबाइलही गप्प बसतो. जाखूची टेकडी पायी चढायची की रोप-वेने, हे मुलांनी ठरवावे. बाबांनी चष्मा सांभाळावा. तिथली माकडे तो पळवण्यात पटाईत आहेत.