मेट्सचं २००९

ऑनसाइट न्यू जर्सीला आल्यापासून बेसबॉलची लागण झालीय. आमच्या टीममधला एक जुना टेस्टर न्यूयॉर्क मेट्सचा कट्टर पंखा. कॉफी घेताना कुठूनही सुरुवात केली तरी गाडी २००९ वर येतेच.

२००८ ला शेवटच्या दिवशी प्लेऑफ हुकलेली टीम. २००९ ला नवंकोरं सिटी फील्ड, आणि हिशोब काय? ७० विजय, ९२ पराभव! रेयेस १६२ पैकी ३६ सामने खेळून बाद. डेल्गाडोचा खुबा, बेल्ट्रानचा गुडघा, पिचर सँटानाचं कोपर... अख्ख्या टीममध्ये सर्वात जास्त होमरन मर्फीचे, तेही १२.

मग त्यांनी जेसन बेला आणलं. त्या वर्षी बॉस्टनकडून ३६ होमरन मारलेला गडी, चार वर्षांचे ६.६ कोटी डॉलर. मलाही आधी बरोबरच वाटलं हो! पण दुखणारे गुडघे तसेच होते ना. जानेवारी २०१० मध्ये बेल्ट्रानचं ऑपरेशन झालं, तर परवानगी दिली होती की नाही यावरच क्लब आणि एजंट भांडत बसले. आणि बे? २०१० मध्ये ६ होमरन, जुलैत कुंपणावर आदळून डोक्याला मार, सीझन खलास.

"डॉक्टरचं आधी ऐकायचं, मग चेकबुक काढायचं," टेस्टरबुवा म्हणाले.

मी गप्प. माझं उजवं मनगट दोन आठवडे ठणकतंय, लीडला बोललेलो नाही. सोमवारी प्लॅनिंग आहे आणि एक्सेलमध्ये माझ्या नावापुढे १०० टक्के लिहिलंय.