बावन्नाव्या वर्षी उमेदवार

'उमेदवार' हा शब्द मोठा गमतीचा आहे. त्याच्या पोटात 'उमेद' आहे, म्हणून विशीतल्या पोराला तो शोभून दिसतो. पण चष्मा लावणाऱ्या, मधुमेहाची गोळी खाणाऱ्या ५२ वर्षांच्या गृहस्थाला कोणी 'उमेदवार' म्हटले, की या वयात पुन्हा मुंडावळ्या बांधल्यासारखे वाटते.

ज्या कचेरीत मी २६ वर्षे हिशेब लिहिले, तिने गेल्या वर्षी तो विभागच दुसऱ्या शहरात हलविला आणि आम्हा अकराजणांना निरोप दिला. निरोप सभ्य होता. शाल होती, श्रीफळ होते. फक्त दुसऱ्या दिवशी कुठे जायचे, ते कोणी सांगितले नव्हते. घराचा हप्ता चालू होता आणि मुलीचे कॉलेजचे शेवटचे वर्ष राहिले होते.

पुढचे सात महिने मी उमेदवार होतो. अर्ज आता संगणकावर भरतात. नावापाठोपाठ जन्मतारीख विचारतात. तुम्हाला काय येते, ही चौकशी बरीच खाली. तिथवर कोणी वाचीत असेल असे मला वाटत नाही, कारण उत्तरच येत नाही. 'नाही' म्हटले तर माणूस पुढच्या दाराकडे वळतो; मुक्या दारापुढे त्याने किती वेळ उभे राहावे? एका ठिकाणी मुलाखत झाली. साहेब माझ्या मुलीहून चार वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, "काका, तुमचा अनुभव आमच्या कामाला जास्त होतो." सोनाराने सोने फार चोख म्हणून परत करावे, तशातला प्रकार!

सरकारी नोकरीचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात २०१६ पासून खुल्या वर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३८ आहे. अमेरिकेने १९६७ साली कायदा करून, चाळिशी गाठलेल्या माणसाला केवळ वयासाठी नोकरी नाकारण्यास बंदी केली. आपल्या खासगी कचेऱ्यांना तसे बंधन नाही. भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन मिळते ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी मागता येते, पण जितकी वर्षे आधी, तितके दर वर्षामागे ४ टक्के कमी. थोडक्यात, माझ्या वयाचा माणूस पेन्शनीला लहान आणि नोकरीला म्हातारा!

अशा वेळी मला आमचे आप्पा आठवत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ४७ वर्षांचे आप्पा त्यांतले एक. तो संप मिटला असे रीतसर कोणी जाहीर केलेच नाही, आणि हजारोंना पुन्हा कामावर घेतले नाही. आप्पांनी भाजी विकली, मग एका इमारतीवर रात्रीचा पहारा केला. पण तेव्हाची बेकारी चाळभर होती. नळावर, जिन्यात, जो तो दुसऱ्याला विचारी, "काय रे, लागलं का कुठं?" माझी बेकारी पडली फ्लॅटमधली. तिला दार होते, दाराला कडी होती.

ती कडी काढली सौभाग्यवतीने. पहिल्याच आठवड्यात तिने इमारतभर सांगून टाकले. मी जरा कुरकुरलो, तर म्हणाली, "अहो, चोरी थोडीच केलीय आपण?" सात महिन्यांनी काम आले ते त्याच वाटेने. कोपऱ्यावरच्या वाण्याला जीएसटीची विवरणे भरणारा माणूस हवा होता. त्याने जन्मतारीख विचारली नाही, "जमेल ना?" एवढेच विचारले. आज तीन दुकाने आणि एक सोसायटी यांचे हिशेब माझ्याकडे आहेत. मिळकत पगाराच्या निम्मीही नाही, निधी नाही, यंदा बोनसही नाही. हप्ता मात्र जातो आणि मुलीची फी भरली गेली.

सर्वांचेच असे जमेल, असे मी म्हणणार नाही. पण या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन जाल, तेव्हा एखाद्या घरी भरदिवसा घरात बसलेले पन्नाशीचे गृहस्थ दिसले, तर हवापाण्याच्या गप्पा मारून परतू नका. त्यांना काय काय येते, ते विचारा. कित्येक महिन्यांत तेवढे कोणी विचारलेले नसते.