कांचेच्या पेटींतील निदान

घरांत लहान मुलें असलीं, म्हणजे कोणता ना कोणता प्राणी घरांत शिरतोच. आमच्या येथें पूर्वीं पोपट होता, ससे होते. गेल्या वर्षापासून ओसरीवर कांचेची एक पेटी असून तींत बोटाच्या पेराएवढे चाळीसएक तांबडे झिंगे नांदत आहेत. मालकी धाकट्या नातवाची; देखरेख मात्र, आम्ही सेवानिवृत्त शाळामास्तर पडल्यामुळें, पुष्कळ अंशीं आमची. "ब्राह्मणाच्या घरांत झिंगे कशाला?" म्हणून थोरल्या वहिनींनीं आरंभीं नाक मुरडलें होतें. हे खाण्याचे नसून पाहण्याचे आहेत, अशी खात्री पटल्यावर पेटी देवघरापासून दूर ठेवण्याच्या अटीवर त्यांनीं अभय दिलें.

हे झिंगे मूळचे चीन व तैवान येथील ओढ्यांतले. आयुष्य वर्ष-दोन वर्षांचें. शरीर इतकें पारदर्शक, कीं आंतील अन्नाची रेषा दिसावी. दिवसभर शेवाळ व उष्टें टिपीत हिंडावें, एवढाच त्यांचा उद्योग. परभणीचा चाळिसांपलीकडील उन्हाळा त्यांस मानवत नाहीं. म्हणून वैशाखांत पेटीभोंवतीं ओलें फडकें गुंडाळून वर पंखा लावावा लागतो. इतकें केलें, तर ते अधिक कांहीं मागत नाहींत.

श्रावणांत एके दिवशीं नातवानें भिंगांतून पाहून ओरड केली, कीं झिंग्यांच्या नाकावर पांढरे किडे चढले आहेत. घरांत धांदल उडाली. पेटी रिकामी करून टाकावी, असें कोणी म्हणालें. किडे माणसांस लागतील, अशी शंका कोणी काढली. आमचे चिरंजीव तर सायंकाळीं दुकानांतून माशांच्या कृमींवरील औषधाची बाटलीच घेऊन आले. ती उघडणार, तोंच सूनबाईंनीं वरची चिठ्ठी वाचली. औषधांत ताम्राचा क्षार होता. माशांच्या अंगावरील कित्येक कृमि त्यानें मरतात हें खरें. पण ज्या मात्रेंत मासा तगतो, त्याच मात्रेंत झिंगा मरतो. रात्रभर तांब्याच्या हंड्यांत राहिलेलें पाणी आपण आरोग्यदायक मानतों. तेंहि झिंग्यांच्या पेटींत घालूं नये. बाटली परत गेली. मूल रडवेलें झालें. "आजोबा, मग औषधच नाहीं का?" आम्ही म्हणालों, "आहे, बाळ. पण रोग कोणता, तें अगोदर पाहूं."

भिंगाखालीं पाहण्यांत व ग्रंथ चाळण्यांत दोन दिवस गेले. पांढरें दिसतें तें सर्व एक नव्हे, हें त्यांतून कळलें. नाकाच्या टोंकाशीं कापसाची लव यावी तसें जें दिसतें, ती पुष्कळदां व्हॉर्टिसेला नांवाच्या सूक्ष्म जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीव देंठावरील घंटेसारखा. तो झिंग्याचें रक्त पीत नाहीं. पाण्यांतील जंतु खातो, आणि झिंग्यावर बसतो तो केवळ बसावयास जागा हवी म्हणून. त्याची संख्या वाढली, म्हणजे पाण्यांत कुजकें अन्न वाढलें, असें समजावें.

दुसरा, स्क्यूटारिएला नांवाचा चपटा कृमि. लांबी जेमतेम मिलिमीटरभर. पुढें दोन लहानशा शुंडा. हा झिंग्याच्या नाकावर व कल्ल्यांच्या पोकळींत राहतो आणि अंडीं तेथेंच घालतो. थोडे असले तर झिंगा सहन करितो. वाढले, कीं श्वासाची वाट अडते. आमच्या पेटींत हाच शिरला होता. माणसास त्यापासून भय नाहीं.

तिसरा प्रकार अधिक वाईट. पोटाखालच्या पायांत हिरवट-पिवळ्या तंतूंचे झुबके दिसतात. हौशी लोक त्यास बुरशी म्हणतात; वास्तविक क्लॅडोगोनियम नांवाचें तें परोपजीवी बनलेलें शैवाल आहे. त्यावर खात्रीचा उपाय नाहीं. रोगी झिंगा निराळा ठेवणें एवढेंच आपल्या हातीं. परंतु मादी आपलीं वीस-तीस अंडीं नेमकीं त्याच ठिकाणीं वागविते, आणि त्यांचाहि रंग हिरवट-पिवळा असूं शकतो. अंडें वाटोळें, तंतु लांबट. एवढा भेद पाहिला नाहीं, तर गर्भिणीलाच रोगी ठरवून आपण बाहेर काढूं.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, सातव्या अध्यायांत, कृमींचा विचार आहे. तेथें शरीराबरोबरच उत्पन्न होणारे सहज कृमि इतरांपासून वेगळे काढले आहेत, आणि चिकित्सेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली अपकर्षण, म्हणजे कृमि ओढून बाहेर काढणें. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितींत ते वाढतात ती मोडणें. तिसरी, ज्या कारणांनीं ते झाले त्या कारणांचा त्याग. ग्रंथ माणसांकरितां लिहिलेला. पण क्रम झिंग्यांसहि लागू पडला.

अपकर्षण मिठानें झालें. पेटींतलेंच पेलाभर पाणी घेऊन त्यांत आयोडीन नसलेलें मीठ मोठा चमचाभर विरघळविलें, आणि एकेक झिंगा जाळींतून त्यांत अर्धा ते एक मिनिट बुडवून परत सोडला. कृमि गळून पडतात. नुकतीच कात टाकलेला झिंगा मात्र बुडवूं नये. त्याचें कवच मऊ असतें. अंडीं या स्नानानें जात नाहींत, म्हणून कांहीं दिवसांनीं तें पुन्हां करावें लागलें. दुसरी पायरी अशी, कीं झिंगा कात टाकतो तींत कृमीचीं अंडीं राहतात. ती कात दिसतांच चिमट्यानें उचलून नातू बाहेर टाकूं लागला. तिसरी पायरी घरांतील मोठ्यांस जड गेली. येणारा-जाणारा प्रत्येकजण कौतुकानें चिमूटभर खाणें टाकीत असे. तें बंद केलें. आठवड्यास थोडें पाणी बदलावयाचें, तेंहि दिवसभर बादलींत ठेवून क्लोरीन उडाल्यावर.

या तिसऱ्या पायरीची योग्यता आमच्या पिढीस पुस्तकांतून कळावयास नको. आमच्या जिल्ह्यांत वालूर, चारठाणें अशा गांवीं जुन्या बारवा आहेत. पायऱ्या उतरून, पाण्यांत पाय ठेवून घागर भरावी, अशीच बारवांची रचना. नारूच्या रोग्याचा पाय अशा पाण्यांत पडला, कीं नारूचीं पिलें पाण्यांत सुटत. तीं सायक्लोप्स नामक सूक्ष्म जीवाच्या पोटांत जात, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या शरीरांतून वर्षाअखेर हातभर लांबीचा कृमि बाहेर पडे. सायक्लोप्स हा झिंग्याचाच दूरचा नातलग. त्याचें हें कृत्य १८७० सालीं फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञानें तुर्कस्तानांत शोधून काढलें. आमच्या शेजारच्या एका गड्याच्या घोट्यांतून निघालेला नारू रोज थोडथोडा काडीवर गुंडाळीत असलेला आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. तुटला तर पाय पिकेल, या धाकानें तो बापडा श्वास रोखून बसे. ऐन पेरणी त्याची खाटेवर गेली.

नारू मारणारें औषध तेव्हां नव्हतें, आणि आजहि नाहीं. १९८३-८४ पासून देशभर मोहीम झाली, तींत पाणी फडक्यानें गाळणें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें किंवा बदलणें, हातपंप बसविणें, पाण्यांतील सायक्लोप्स मारणें, हेच उपाय होते. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत जोधपूर जिल्ह्यांत आढळला. फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. रोग्याच्या पोटांत औषधाचा थेंब न जातां हें झालें, आणि त्यांतला मोठा वांटा घरोघरीं हंड्याच्या तोंडावर फडकें बांधणाऱ्या बायकांचा होता. हें सर्व नातवास सांगितलें, तेव्हां वहिनीहि कामें टाकून ऐकत होत्या. त्यांच्या माहेरीं नारू होता.

आमचे तीन झिंगे गेले. बाकीचे कार्तिकापर्यंत स्वच्छ झाले. पुढें एका मादीच्या पोटाखालीं हिरवट पुंजका दिसला, तेव्हां नातवानें आरडाओरड न करितां प्रथम भिंग आणलें आणि दाणे मोजले. ज्या वाचकांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं औषधाच्या बाटलीपूर्वीं एक बरेंसें भिंग विकत घ्यावें, बाटलीवर ताम्र लिहिलें आहे का तें वाचावें, आणि खाणें घालण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे सोंपवावें.